पावसाळी सुट्टीत डोंगरवाटा दुरुस्त करायच्या कामाला येतोयस तर

आधी रोजाचं बोलून घे. चहा-नाश्ता आणि जायचं-यायचं भाडं कोण देणार, हेही. लाजायचं नाही.

काम मुख्यतः पाण्याचं असतं. नाशिकजवळच्या पांडवलेणीच्या डोंगरावर किंवा अंजनेरीला वाट खराब होते ती पायांनी कमी, वरून धावणाऱ्या पाण्याने जास्त. म्हणून वाटेवर तिरका दगडी बांध घालायचा आणि पाणी उताराच्या बाजूला काढून द्यायचं. बांध आडवा सरळ घातलास तर मागे गाळ साचतो आणि पुढच्या सरीत पाणी वरून उडी मारतं. निम्मा दगड जमिनीत गाडायचा. नुसता वर ठेवलेला दगड रविवारची गर्दी लाथाडून देते (आणि वर सेल्फी काढते).

मैदानावरचं गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपट, हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. टणटणी (घाणेरी) मात्र खणूनच काढावी लागते. अंजनेरीवर ओळखीचं नसलेलं रोप उपटू नकोस. कंदीलपुष्पाची एक जात तिथूनच २००६ मध्ये शास्त्रीय नोंदीत आली.

दगड उचलताना आधी पहारीने हलव. खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असू शकतं.