बाबा रंगांधळे आहेत, मी नाही. मग ते 'एक पिढी सोडून' माझ्या मुलाला येणार का?

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. बाबांना जन्मापासून लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असेल तर तुम्ही वाहक आहात, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण बिघडलेलं जनुक पुढे जाऊ शकतं, आणि यात 'कदाचित' वगैरे काही नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे एक्स एकच असतं आणि मुलगी झाली याचा अर्थच त्याने तिला ते दिलं. तुम्हाला मुलगा झाला तर त्याला रंगांधळेपणा येण्याची शक्यता निम्मी, आणि ही निम्मी प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने. पहिल्याला आला म्हणून दुसरा सुटला असा हिशेब नसतो. मुलगी झाली आणि नवऱ्याची रंगदृष्टी ठीक असली तर ती फार तर तुमच्यासारखीच वाहक होईल.

आता ते 'एक पिढी सोडून'. हे मी इतकी वर्षं ऐकतोय, तेही सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून, की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

मी स्वतः रंगांधळा आहे. हिरवा, तपकिरी आणि लालसर, हे सगळे माझ्या लेखी एकाच मातकट घराण्यातले. लहानपणी चित्रकलेच्या तासाला मी पेन्सिलींवर छापलेली रंगांची नावं वाचून वेळ मारून न्यायचो. दादाला हे कळलं तेव्हा त्याने एका दुपारी बसून ब्लेडने माझ्या सगळ्या पेन्सिलींवरची नावं खरवडून काढली. वर सगळ्यांना छान टोकं काढून डबा जागच्या जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या झाडाला तपकिरी पानं फुटली आणि खोड हिरवं झालं. बाईंनी ते चित्र सगळ्या वर्गाला फिरवून दाखवलं. घरी वडील म्हणाले, "लक्ष कुठे असतं याचं?" आणि दादा खिदळत होता. आज तो आजोबा झालाय तरी ही गोष्ट 'लहानपणीची गंमत' म्हणून सांगतो.

कुणालाच काही कळलं नव्हतं. कळलं ते नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत. रंगदृष्टी तपासणारी इशिहाराची ती ठिपक्याठिपक्यांची पानं समोर आली. ज्या पानावर बाकीच्यांना 74 दिसतं तिथे मी छातीठोकपणे 21 सांगितलं. काम सिग्नल ओळखण्याचं होतं, त्यामुळे तिकडचा विषय तिथेच मिटला. घरात मात्र पेटला. वडील म्हणाले, आमच्यात असलं काही कुणाला नाही. दादाचा निवाडा त्याहून सोपा: "मला नाही, म्हणजे घराण्यात नाही. यानेच रात्री अंधारात वाचून डोळे खराब केले." आई काहीच बोलली नाही.

आईच्या गप्प बसण्याचं कारण तिचे वडील. हे आजोबा झाडावरची फळं काढायचे तेव्हा पानांत हात घालून एकेक फळ चाचपायचे, देठापाशी हलकेच दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि मगच तोडायचे. आम्हाला वाटायचं, काय पारख आहे! पारख होतीच, पण ती हाताची आणि नाकाची. हिरव्या पानांतलं लाल फळ त्यांना चार पावलांवरून दिसायचंच नाही. आजीला ते ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं, आणि दोघींनी त्याचा कधी उच्चार केला नाही. का, तर नाव माहेरावर येईल म्हणून.

गंमत म्हणजे हा सगळा प्रवास 1876 साली होर्नर नावाच्या स्विस नेत्रवैद्याने मांडून ठेवला होता: आजोबा, मग ज्यांना स्वतःला काही होत नाही अशा मुली, मग त्यांचे काही मुलगे. तेव्हा एक्स-वायचा पत्ताही नव्हता. 1911 मध्ये विल्सन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने त्याचा धागा एक्स गुणसूत्राशी जोडला. म्हणजे आमच्या घरात रात्री बारापर्यंत ज्यावरून आवाज चढले ते कोडं माझ्या जन्माच्या कितीतरी आधी सुटलेलं होतं.

दादा मात्र उपायाला लागला. कुठून तरी डोळ्यांच्या व्यायामाचं पुस्तक आणलं. सकाळी उठून बुबुळं गोल फिरवा, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवा, रंगीत काचेतून बघा. त्याचं मन राखायला मी थोडे दिवस केलं, मग सोडून दिलं. पुढे माझं लग्न झालं, एक मुलगी, एक मुलगा. दोघांनाही रंग व्यवस्थित दिसतात. दादा खूश: "बघ, व्यायाम केलेस त्याचं फळ पोरांना मिळालं."

त्याला मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आता इथे लिहून ठेवतो. माझ्या मुलाला एक्स त्याच्या आईकडून आलं. माझ्याकडून त्याला वाय मिळालं, आणि वायवर रंगदृष्टीचं हे जनुकच नाही. मी सकाळ-संध्याकाळ बुबुळं फिरवली असती किंवा आयुष्यभर अंधारात वाचलं असतं तरी त्याच्या रंगदृष्टीत तसूभर फरक पडला नसता. समजा व्यायामाने माझे डोळे सुधारले असते तरी ती सुधारणा शुक्राणूतल्या जनुकापर्यंत कळवायला कोण जाणार? वाइसमान या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पिढ्यानपिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या, पिल्लं दर वेळी शेपटीसकटच जन्मली. (आता कुणीतरी एपिजेनेटिक्स घेऊन धावत येईल. जनुक चालू-बंद होण्याच्या त्या गोष्टी खऱ्या आहेत, पण मुळात मोडलेलं जनुक त्यांनी दुरुस्त होत नाही.)

मग लेकीला मुलगा झाला. चार-साडेचार वर्षांचा असताना त्याने चित्र काढून आणलं. बघून बायको माझ्याकडे बघत राहिली, कारण मला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं. पानं तपकिरी होती. त्या दिवसापासून दादाला पंख फुटलेत. "एक पिढी सोडून आलं की नाही? मी म्हटलं नव्हतं?" म्हटलं नव्हतं. तो म्हणाला होता व्यायामाने गेलं. पण ते राहू दे.

तर मुद्दा असा, की यात कुठलीही पिढी सुटत नाही. माझं एक्स माझ्या लेकीत पूर्ण शाबूत होतं. फक्त तिच्याकडे आईकडून आलेलं दुसरं, धड एक्सही होतं, म्हणून काम भागलं. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बहुतांशी बंद असतं, हे मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडलं. कुठल्या पेशीत कुठलं बंद, हे गर्भातच योगायोगाने ठरतं. म्हणजे तुमच्याही दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या काही शंकू पेशी बाबांचं एक्स वाचतायत आणि काही आईचं. आईचं वाचणाऱ्या पुरेशा आहेत, म्हणून तुम्हाला रंग दिसतात. याला 'सोडून गेलं' कसं म्हणायचं?

आणि नियम म्हणून लावायला जाल तर ते वाक्य लगेच तोंडघशी पडतं. वाहक बाईला वाहक मुलगी, तिला पुन्हा वाहक मुलगी, असं होत गेलं तर तीन-चार पिढ्या कुणाला काही दिसत नाही आणि मग एखादा मुलगा 'आभाळातून पडतो'. उलट बाई स्वतः रंगांधळी असेल तर तिचे सगळे मुलगे रंगांधळे, एकही पिढी सुटत नाही. अशा बायका कमी असतात, कारण दोन्ही एक्स बिघडलेली लागतात. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे 8 टक्के आहे, बायकांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इतर बऱ्याच लोकसमूहांत दोन्ही आकडे याहून खाली आहेत. तिसरं, माझ्या मुलाच्या वंशात माझा रंगांधळेपणा संपला. एक पिढी सोडून नाही आणि दहा सोडूनही नाही. तरी दादा आला की माझ्या मुलाच्या पोरांसमोर लाल आणि हिरवी पेन्सिल धरून "सांग बरं कुठली?" विचारतो. पोरं बिचारी बरोबर उत्तर देतात आणि तो जरा हिरमुसतो.

मला विचाराल तर यातला खरा रस वेगळाच आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे रंगांच्या शंकू पेशी दोनच प्रकारच्या असतात. आपले, वानरांचे आणि आशिया-आफ्रिकेतल्या माकडांचे जे समाईक पूर्वज होते, त्यांच्यात सुमारे 3 ते 4 कोटी वर्षांपूर्वी एक्सवरच्या एका जनुकाची जादा प्रत तयार झाली. पुढे दोन प्रतींत थोडा फरक पडत गेला, एक लालकडे झुकली, एक हिरव्याकडे. हिरव्या पानांतलं पिकलं फळ किंवा कोवळी लालसर पालवी लांबून दिसू लागली, आणि ते फायद्याचं होतं म्हणून टिकलं, असं बरेच अभ्यासक मानतात. पण या दोन प्रती आजही गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्यात सुमारे 98 टक्के साम्य आहे. बीजांड तयार होताना आईची दोन एक्स आपसात तुकडे बदलतात. तेव्हा, एकाच शब्दाने सुरू होणाऱ्या दोन ओळी लागोपाठ आल्या की उतरवून घेणारा जशी एक ओळ गाळतो, तशी गफलत इथे होते. एक प्रत गळते किंवा दोघींची मिळून भलतीच संकरित प्रत तयार होते. म्हणजे ज्या घटनेमुळे दादाला लाल-हिरवा दिसतो, तिच्यातच मला न दिसण्याची सोयही होती. यात माझ्या आईच्या माहेरचा दोष शोधायचा तर 3 कोटी वर्षं मागे जाऊन शोधावा.

हे वैगुण्य नैसर्गिक निवडीत गळून का गेलं नाही, असंही दादा विचारतो. कारण आमच्यासारखे जगतात, लग्नं करतात, त्यांना पोरं होतात. शिवाय रंगाने आकार झाकलेला असेल तर आमच्यासारख्यांना तो कधी कधी आधी दिसतो, हे प्रयोगांत दिसलंय. कॅपुचिन माकडांतही दोनच प्रकारच्या शंकू पेशी असलेली माकडं लपलेले किडे जास्त पटापट टिपतात.

डोळ्यातच दोष शोधणारा दादा एकटा नाही, हेही न्यायाने सांगायला हवं. अणूवाले जॉन डाल्टन रंगांधळे होते, त्यांचा भाऊसुद्धा. 1794 मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला आणि डोळ्यातला द्रव निळसर असेल असा तर्क केला. मेल्यावर डोळे काढून बघा म्हणाले. 1844 मध्ये बघितले, द्रव स्वच्छ होता. त्यांच्या डोळ्याचे जपून ठेवलेले अवशेष 1995 मध्ये तपासले, तर हिरव्याचं जनुकच नव्हतं. दोघा भावांना होतं म्हटल्यावर कारण आईकडून आलेल्या जनुकात होतं, डोळ्यातल्या द्रवात नाही, हे आज शाळकरी पोरगंही सांगेल.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो: सासरी सांगून टाका. लपवलं की आमच्या घरासारखं होतं, आणि ऐकून घेते ती बाई. मूल चार-पाच वर्षांचं झालं की तपासणी करून घ्या आणि शाळेत आधीच कळवा. पेन्सिलींवर मागच्या टोकाला नाव लिहा, टोक पुढून काढतात त्यामुळे ते शेवटपर्यंत राहतं. नातवाच्या सगळ्या पेन्सिलींवर मी तसं लिहिलंय, आणि दादा येणार असला की डबा कपाटात जातो. चष्म्यांच्या जाहिरातींना भुलू नका. काही रंगांतला फरक ते ठळक करतात, नवा रंग देत नाहीत. 2009 मध्ये प्रौढ माकडांच्या डोळ्यात जनुक घालून त्यांना लाल-हिरवा ओळखता आला, पण माणसांसाठीचा नेहमीचा उपचार अजून तो नाही. आणि उद्या झाला तरी डोळ्यात घातलेलं जनुक पोरांपर्यंत जाणार नाही. हे वाक्य दादासाठी.

हो, एक राहिलं, आणि खरं तर हे आधी लिहायला हवं होतं. वरचं सगळं जन्मजात लाल-हिरव्यापुरतं आहे. निळ्या-पिवळ्याचा दुर्मिळ प्रकार 7 क्रमांकाच्या गुणसूत्रावरून येतो, तिथे मुलगा-मुलगी सारखेच. काहीच रंग न दिसण्याचा प्रकार आणखी वेगळा, त्यात बहुधा आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. बाबांचा प्रकार कुठला हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एकदा पक्कं करून घ्या. आणि त्यांना तरुणपणी रंग नीट दिसत होते, गोंधळ अलीकडेच सुरू झालाय, असं असेल तर तो आनुवंशिक नसून काचबिंदू, दृष्टिपटलाचा आजार किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो. मग नातवंडांचा हिशेब बाजूला ठेवून आधी बाबांनाच दाखवा.