रिझोल्यूशन निम्मं केलं तरी सिरीज एसवर गेम का कोसळतो?

प्रश्न थोडक्यात असा: चौघांच्या टीमने पीसीवर अनरिअल या गेम इंजिनमध्ये केलेला गेम पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर नीट चालतो. एक्सबॉक्सच्या स्वस्त भावंडावर, सिरीज एसवर, मात्र दुसरी लेव्हल लोड होताना मेमरी संपून बंद पडतो. रिझोल्यूशन ४के वरून थेट १०८०पी केलं तरी तेच. एस म्हणजे तोच गेम कमी रिझोल्यूशनवर, असं सगळे सांगतात, मग पाणी कुठे मुरतंय?

रिझोल्यूशन उतरवलं की जीपीयूचा, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपचा, वेळ वाचतो. मेमरी नावापुरती वाचते आणि सीपीयूचा, म्हणजे गेमचं बाकी गणित करणाऱ्या प्रोसेसरचा, भार जिथल्या तिथे राहतो. हे तीन वेगळे खिसे आहेत. तुमचा फाटलाय मेमरीचा, आणि तुम्ही शिवताय जीपीयूचा.

आकडे बघा. सिरीज एक्सच्या जीपीयूमध्ये ५२ कंप्यूट युनिट (गणिताचे विभाग) १.८२५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे १२ टेराफ्लॉप्स (सेकंदाला १२ लाख कोटी गणितं). एसमध्ये २० युनिट १.५६५ वर, सुमारे ४. फरक तिपटीचा. ४के म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल आणि १०८०पी म्हणजे २०,७३,६००, फरक चौपट. इथवर हिशोब जमतो, उलट थोडं शिल्लकच राहतं. सीपीयू दोन्हीकडे आठ कोअरचा झेन २, ३.८ आणि ३.६ गिगाहर्ट्झचा. एसएसडीचा वेगही सारखाच. गोम आहे ती रॅममध्ये. एक्सला १६ जीबी, त्यातले १३.५ गेमला मिळतात. एसला मुळात १०, त्यातले गेमच्या वाट्याला ८ च्या आत-बाहेर. उरलेली सिस्टीम खाते. म्हणजे साडेपाच जीबीची तूट.

आता ४के वरून १०८०पी वर आल्याने या तुटीतलं किती भरून निघतं? समजा जी-बफरची (पृष्ठभागाचा रंग, दिशा वगैरेंची नोंद) चार टार्गेट, म्हणजे जीपीयू ज्यात काढतो ते मेमरीतले कॅनव्हास, प्रत्येकी पिक्सेलला ४ बाइट: ४के ला १३३ एमबी. एचडीआर (जास्त उजेड-अंधार टिपणाऱ्या) रंगाचं टार्गेट ८ बाइटचं: ६६ एमबी. डेप्थ (पिक्सेल किती लांब आहे ते): ३३ एमबी. बेरीज २३२. १०८०पी ला याची चौथाई, ५८. वाचले १७४ एमबी. पोस्ट-प्रोसेसिंगचे बफर आणि मागच्या फ्रेमची हिस्टरी धरली तरी फार तर ही बचत दुप्पट होईल. साडेपाच जीबीच्या खड्ड्यात ही मूठभर माती.

हे पीसीवर लक्षात येत नाही, कारण तिथे ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली की ड्रायव्हर मुकाट्याने सिस्टीम रॅममध्ये माल सरकवतो आणि ती भरली की पेजफाइल, म्हणजे डिस्कवरची राखीव जागा, असतेच. गेम अडखळतो, पण मरत नाही. कन्सोलवर ही उशी नाही. सीपीयू आणि जीपीयू एकाच साठ्यातून खातात आणि साठा संपला की खेळ खलास. आणखी एक सापळा: डेव्हकिटमध्ये, म्हणजे डेव्हलपरना मिळणाऱ्या खास कन्सोलमध्ये, दुकानातल्या कन्सोलपेक्षा जास्त रॅम असते. मर्यादा लावून चाचणी घेतली नाही तर तिथे सगळं आलबेल दिसतं.

आधी मोजा. अनरिअलच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, खेळायच्या यंत्रात नव्हे) ‘मेमरिपोर्ट’ ही आज्ञा ‘फुल’ जोडून द्या, मेमरी कशात गेली याची यादी निघते. तीन वेळा घ्या: मेनूत, लेव्हलच्या सगळ्यात गजबजलेल्या जागी, आणि एका लेव्हलमधून दुसरीत जाताना. तुमचा गेम लोड होतानाच पडतोय, म्हणून मला तिसऱ्याचाच दाट संशय आहे. जुनी लेव्हल अजून सुटलेली नसते आणि नवी येऊन बसते, म्हणजे काही सेकंद दोन्हींचा भार. सरासरी ६ जीबी असेल आणि त्या क्षणी ९ होत असेल, तर तुमचा खरा आकडा ९. उपाय जुनाच आहे: मधे एक रिकामा ट्रान्झिशन मॅप ठेवा, तिथे गार्बेज कलेक्शन (नको असलेले ऑब्जेक्ट मेमरीतून काढणं) सक्तीने करून घ्या, मगच पुढची लेव्हल उचला. लोडिंगला एखादा सेकंद वाढेल, वाढू द्या.

मेमरी मुरण्याची दुसरी जागा हार्ड रेफरन्स, म्हणजे एक वस्तू लोड झाली की तिने नाव घेतलेली दुसरीही लगेच लोड करायला लावणारे दुवे. ब्लूप्रिंटमध्ये (अनरिअलच्या चित्ररूप स्क्रिप्टमध्ये) शस्त्रांची यादी थेट क्लासने भरली की खेळाडूच्या हातात एक पिस्तूल असलं तरी साठच्या साठ शस्त्रं, त्यांची मेश (त्रिमितीय आकार), टेक्श्चर (पृष्ठभागावरची चित्रं) आणि आवाज मेमरीत येऊन बसतात. कुठल्याही ॲसेटवर (प्रोजेक्टमधल्या फाइलवर) उजवी क्लिक करून ‘साइझ मॅप’ उघडा, त्याच्यासोबत काय काय लोड होतं ते दिसेल. मेनूच्या विजेटखाली (पडद्यावरच्या मेनूच्या भागाखाली) एखादा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, लटकलेला दिसला तर दचकू नका, हे सर्रास होतं. ते रेफरन्स सॉफ्ट, म्हणजे नुसता पत्ता ठेवणारे, करा आणि लागेल तेव्हा असिंक (गेम न थांबवता, मागे) लोड करा. चित्राचा दर्जा तसूभरही न घटवता सगळ्यात जास्त मेमरी इथेच सुटते, म्हणून टेक्श्चरला हात लावण्याआधी हे काम उरका.

तिसरी, यूआयची (मेनू, बटणं वगैरेंची) चित्रं. लोडिंग स्क्रीनचं ३८४० बाय २१६० चं एक चित्र कॉम्प्रेशनविना ३३ एमबीचं. अशी वीस चित्रं एका विजेटच्या ॲरेत टाकली की ६६० एमबी गेले, आणि पडद्यावर एका वेळी दिसणार एकच. शिवाय ही चित्रं स्ट्रीम होत नाहीत (गरजेप्रमाणे लहान-मोठी करून आणली जात नाहीत), त्यामुळे स्ट्रीमिंग पूल, म्हणजे तशा टेक्श्चरसाठी राखलेली मेमरी, कितीही आवळला तरी ती हलत नाहीत. पूल कमी केला पण एकूण वापर उतरलाच नाही, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच निघतं.

मग टेक्श्चर. बीसी७ या कॉम्प्रेशनमध्ये पिक्सेलला एक बाइट, म्हणजे ४०९६ चं चौरस टेक्श्चर १६ एमबी आणि मिपसकट (त्याच चित्राच्या निम्म्या-निम्म्या लहान प्रतींसकट) सुमारे २१. वरची एक मिप काढून २०४८ वर आणलं की ५.३. डिव्हाइस प्रोफाइलमध्ये (प्रत्येक यंत्राच्या वेगळ्या सेटिंगमध्ये) एससाठी टेक्श्चर ग्रुपनुसार कमाल आकार ठरवता येतो. भिंती, जमीन, खडक २०४८ वर आणा, चेहरे आणि मजकूर असलेल्या पाट्या सोडा. सगळ्यांवर सरसकट कुऱ्हाड चालवली की दुकानाची पाटी वाचता येत नाही आणि पहिला शेरा तिच्यावरच येतो. मर्यादा कूक करतानाच, म्हणजे त्या कन्सोलसाठी फाइली बनवतानाच, लागली तर वरच्या मिप पॅकेजमध्ये जातच नाहीत. एसची डिस्क मूळची ५१२ जीबीची, त्यामुळे खेळाडूही दुवा देईल.

सुरुवातीला ७.५ जीबीची वाटणी मी अशी धरेन: टेक्श्चर पूल २.५, मेश १.२, रेंडर टार्गेट आणि शॅडो ०.५, ॲनिमेशन ०.५, आवाज ०.३, फिजिक्स आणि नेव्हमेश (पात्रांना चालायच्या जागांचा नकाशा) ०.५, गेमचे ऑब्जेक्ट आणि यूआय ०.८, इंजिन आणि शेडर (जीपीयूवरचे छोटे प्रोग्राम) ०.७. उरलेल्या ०.५ ला कुलूप. रे ट्रेसिंगचा (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढण्याचा) बीव्हीएच, म्हणजे किरण कशाला आपटला ते शोधायचा साठा, या वाटणीत कुठे बसतो ते शोधा, बसत नाही. एसवर ते बंद करण्यामागे जीपीयूइतकीच मेमरीही असते. अर्धा जीबी राखीव का, तर डीएलसी (गेमला नंतर जोडली जाणारी भर) आणि पॅच येतात तेव्हा मेमरी नेहमी वाढतेच, घटलेली क्वचितच दिसते.

सीपीयूचा खिसा तुमच्याकडे सध्या शाबूत आहे, पण स्प्लिट-स्क्रीनचा (एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळण्याचा) विचार असल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो. बाल्डर्स गेट ३ हा गेम ऑगस्ट २०२३ मध्ये पीसीवर आणि सप्टेंबरमध्ये पीएस५ वर आला. एक्सबॉक्सवर यायला डिसेंबर उजाडला, तोही सिरीज एसवर स्प्लिट-स्क्रीनशिवाय. एसला ती सोय मिळाली एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये. कारण उघड आहे. दोन खेळाडू गावाच्या दोन टोकांना गेले की दोन परिसरांची टेक्श्चर, मेश आणि पात्रं एकाच वेळी मेमरीत हवीत. ड्रॉ कॉल (जीपीयूला काढायच्या आज्ञा) दुप्पट, दोन्हीकडची एनपीसी (गेमने चालवलेली पात्रं) जागी. पडद्याचा प्रत्येक अर्धा भाग लहान असल्याने पिक्सेल मात्र तेवढेच राहतात. म्हणजे ज्या एका गोष्टीवर रिझोल्यूशनचा इलाज चालतो, तीच गोष्ट इथे दुखत नसते. एक्सबॉक्सवर यायचं तर एस आणि एक्स दोन्हींवर यावं लागतं, एस वगळण्याची सोय नाही. तेव्हा स्प्लिट-स्क्रीन हवीच असेल तर दोघांना एकमेकांपासून किती लांब जाता येईल याची दोरी डिझाइनमध्येच बांधा.

जीपीयूसाठी डायनॅमिक (भाराप्रमाणे आपोआप बदलणारं) रिझोल्यूशन वापरा, पण ते काय करतं हे समजून. सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, लक्ष्य १५.५ ठेवा. समजा १४४०पी वर फ्रेमला १७ लागले. त्यातले ५ शॅडो, स्किनिंग (सांगाड्याप्रमाणे पात्राचं अंग हलवणं) वगैरेचे, जे रिझोल्यूशनने बदलत नाहीत, आणि १२ पिक्सेलचे. पिक्सेलच्या कामाला १०.५ च उरतात, म्हणजे क्षेत्रफळ ०.८७५ पट. वर्गमूळ ०.९३५, म्हणून उंची १४४० ची साधारण १३४७. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, वर-खाली सारख्याच वेगाने करणं, त्याने चित्र श्वास घेतल्यासारखं हलतं. उतरताना झटकन उतरा, चढताना आठ-दहा फ्रेम थांबा. दुसरी जास्त महागात पडते: अडचण सीपीयूची असताना नुसती एकूण फ्रेमची वेळ बघून रिझोल्यूशन पाडत जाणं. चित्र धूसर होतं आणि फ्रेमरेट तिथेच. जीपीयूची वेळ त्याच्याच टाइमस्टँपवरून घ्या.

अपस्केलिंग (लहान काढून मोठं दाखवणं) करत असाल तर मिप बायसही (कुठली मिप निवडायची त्याचा कल) हलवा. १०८० वर रेंडर करून २१६० ला दाखवताय तर तो उणे १ हवा, नाहीतर मेमरीत आणलेली बारीक मिप वापरलीच जात नाही. यूआय मूळ रिझोल्यूशनवरच काढा. धूर-धुळीसारखे पारदर्शक पार्टिकल एसवर अर्ध्या रिझोल्यूशनला, कारण मेमरीची बँडविड्थ एक्सच्या ५६० विरुद्ध एसला २२४ जीबी प्रति सेकंद आहे आणि धुराचे थर ती घटाघटा पितात. ब्लूमची (उजेडाभोवतीच्या झळाळीची) त्रिज्या पिक्सेलमध्ये लिहिली असेल तर ती पडद्याच्या टक्केवारीत आणा.

गवताची घनता, गर्दी, शॅडोचं अंतर खुशाल कमी करा. पण ऑनलाइन सामना असेल तर गवताला जपून. एक्सवरचा खेळाडू गवतात दडून बसलाय आणि एसवर ते गवतच नाही, असं झालं की तो आयता टिपला जातो. लपण्याजोगं गवत सगळीकडे सारखं, शोभेचं हवं तितकं छाटा. शत्रूंची संख्या, कोलिजन (वस्तूंची टक्कर) आणि फिजिक्सचं टाइमस्टेप (गणिताच्या दोन टप्प्यांतलं अंतर) कुठल्याच कन्सोलसाठी बदलू नका.

निंटेंडोच्या स्विचबद्दलही विचारलंय. मूळ स्विच (२०१७) ४ जीबीचा, तोही सिस्टीमसकट. तिथे सेटिंग उतरवून भागत नाही, ते वेगळंच काम आहे. डूम (२०१६) हा गेम तिथे नेताना सेकंदाला ६० चे ३० फ्रेम केले, तेव्हा तो बसला. चौघांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. स्विच २ मात्र जमेल: १२ पैकी ९ जीबी गेमला मिळतात, म्हणजे एसच्या बजेटात बसलेला गेम मेमरीपुरता तिथेही बसतो. सीपीयू मात्र साधारण १ गिगाहर्ट्झचा आहे, तेव्हा ६० ऐवजी ३० चं लक्ष्य धरूनच प्रोफाइल करा.

तूर्तास लेव्हल बदलतानाचा मेमरिपोर्ट काढा. पीसी बिल्डवरचा चालेल. डेव्हकिटवरचा इथे टाकू नका, कन्सोल कंपनीशी केलेल्या गुप्ततेच्या करारात अडकाल. त्यात टेक्श्चरच्या यादीत ‘नेव्हर स्ट्रीम’वाल्यांची बेरीज आणि जुन्या लेव्हलचे किती ऑब्जेक्ट अजून जिवंत आहेत, एवढे दोन आकडे दिलेत तरी पुढचं सांगता येईल.