घडाला उजेड हवा, ऊन नको : द्राक्षबागेतील उष्णता आणि पक्वता

प्रश्न (निफाड) : थॉमसन सीडलेस या हिरव्या, बिनबियांच्या द्राक्षाची बाग वाय पद्धतीवर (इंग्रजी Y आकाराच्या तारेच्या आधारावर) असून ओळी दक्षिणोत्तर आहेत. मण्यांत पाणी उतरत असताना (मणी मऊ होऊन पिकू लागताना) भुरी या बुरशीजन्य रोगाच्या भीतीने घडांजवळची पाने दोन्ही बाजूंनी काढली. आता पश्चिमेकडच्या घडांवरचे मणी तपकिरी पडून आक्रसू लागले आहेत. कोणती फवारणी करावी?

उत्तर : हा रोग नसून उन्हाचा चटका आहे, त्यामुळे कोणत्याही फवारणीने डागाळलेली साल पूर्ववत होणार नाही. पानातून पाणी बाष्परूपाने बाहेर पडते आणि पान थंड राहते. मण्याला ती सोय जवळजवळ नाही. म्हणून दुपारी हवेचे तापमान ३४ अंश असले, तरी थेट उन्हातल्या मण्याचे तापमान त्याहून १० ते १५ अंशांनी जास्त असू शकते. पूर्वेकडच्या घडांनाही ऊन मिळतेच, पण ते सकाळचे, हवा थंड असतानाचे असते, आणि म्हणूनच तुमचे नुकसान एकाच बाजूला झालेले दिसते.

पाने काढणे चुकीचे नव्हते. बाजू आणि वेळ चुकली. फुलोऱ्यानंतर मणी धरले (सेट झाले) की लगेच, ते हिरवे व कडक असताना, फक्त पूर्वेकडची मोजकी पाने काढली, तर हवा खेळती राहते, फवारणी घडाच्या आत पोहोचते आणि मण्यांच्या सालीला प्रकाशाची हळूहळू सवय होते. जो मणी दोन महिने गर्द सावलीत वाढला, त्याला पाणी उतरताना एकदम उघडे पाडले की तो भाजतो.

आता करता येण्याजोगे एवढेच आहे की पश्चिमेकडच्या मोकळ्या काड्या तारेवरून घडांवर सावली येईल अशा वळवून बांधाव्यात, किंवा त्या बाजूने शेडनेटची पट्टी लावावी. हिरवे मणी गुलाबी पडण्याच्या त्रासासाठी घडांना कागद लावण्याची जी पद्धत नाशिककडे रूढ आहे, ती इथेही उपयोगी पडते. उष्णतेची लाट येणार असे दिसले, तर बागेला आधीच पाणी द्यावे, कारण पाण्याचा ताण बसलेल्या वेलीवरचे मणी लवकर भाजतात. भाजलेले मणी काढणीच्या वेळी कात्रीने काढावेत; आज घड हाताळल्यास चांगल्या मण्यांवरची लव (नैसर्गिक मेणाचा पातळ थर) जाईल.

प्रश्न (जुन्नर) : काळ्या द्राक्षांचा प्लॉट आहे. मार्च उजाडला, साखर भरली, तरी घडातले बरेच मणी लालसरच आहेत. रंग येण्यासाठी इथेफॉन हे संजीवक (वाढ व पक्वतेवर परिणाम करणारे रसायन) मारावे का?

उत्तर : आता मारू नये. मण्यांत पाणी उतरू लागून थोडे मणी रंगले असतील, त्याच टप्प्यावर इथेफॉनचा उपयोग होतो. साखर भरल्यानंतर मारले तर रंगापेक्षा मणी मऊ पडण्याचाच धोका अधिक, आणि असा माल वाहतुकीत टिकत नाही. माल निर्यातीचा असेल, तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने निर्यातक्षम द्राक्षांसाठी दिलेली रसायनांची यादी आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले किमान अंतर) पाहिल्याशिवाय कोणत्याच संजीवकाला हात लावू नये.

सालीतला रंग तयार होण्यास माफक ऊबदार दिवस आणि थंड रात्री लागतात. मण्याचे तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले की रंग तयार होणे मंदावते, शिवाय तयार झालेला रंगही काही प्रमाणात विघटित होतो. साखर मात्र भरत राहते. म्हणूनच तुमची द्राक्षे गोड आहेत पण काळी नाहीत.

माझ्या मते याचे मूळ बहुतेक वेळा घडांच्या संख्येत असते. वेलीवर झेपतील त्याहून जास्त घड ठेवले की पक्वता लांबते, आणि लांबलेली पक्वता नेमकी मार्चच्या उन्हात सापडते. अर्धा किलोच्या एका घडामागे साधारण १५ ते १६ निरोगी, पूर्ण वाढलेली पाने हवीत. पुढच्या हंगामात विरळणीच्या वेळी काडीवरची पाने प्रत्यक्ष मोजा आणि ज्या काडीवर ती पुरेशी नाहीत, तिच्यावरचा घड मन घट्ट करून काढा. पाणी उतरल्यानंतर नत्र बंद करा, अन्यथा बगलफुटी (पानांच्या बगलेतल्या नव्या फुटी) निघून साखर तिकडे खर्च होते. गर्डलिंगही (सालीची अरुंद कड्यासारखी पट्टी काढणे) पाणी उतरताना केले, तर रंगाला मदत करते. मात्र अशक्त वेलीवर ते करू नये.

फळछाटणी (घड येण्यासाठीची छाटणी) दोन आठवडे अलीकडे आणण्याचाही विचार करता येईल. पण लवकर छाटणी म्हणजे फुलोऱ्यात पाऊस, आणि पाऊस म्हणजे डाऊनी (केवडा) रोग, गळ आणि कूज. सटाणा भागातले बागायतदार चांगल्या भावासाठी ही जोखीम जाणूनबुजून घेतात. तेवढ्या फवारण्यांचा खर्च आणि दक्षता झेपणार असेल, तरच त्या वाटेला जावे.

प्रश्न (दिंडोरी) : वायनरीसाठी शिराझ ही वाइनची जात लावली आहे. साखर २४ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) जाते, पण आम्लता कमी आणि सामू (pH) जास्त असल्याचे सांगून दर कापला जातो.

उत्तर : द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक ही दोन आम्ले असतात. उष्णतेत मॅलिक आम्ल मण्याच्या श्वसनात खर्च होते, टार्टारिक बरेचसे टिकते. पालाश (पोटॅश) जास्त झाले तर ते टार्टारिकशी बांधले जाऊन सामू वाढतो, म्हणून पानांच्या देठाच्या परीक्षणाशिवाय पालाशचे डोस देऊ नयेत. घड विरळ सावलीत ठेवा. पाणी उतरल्यापासून दर आठवड्याला साखरेसोबत आम्लता आणि सामूही मोजा, नमुना ओळीच्या दोन्ही बाजूंचा घ्या आणि या तिन्ही आकड्यांवरून काढणीची तारीख वायनरीशी बोलून ठरवा. पहाटेच्या काढणीने गेलेले आम्ल परत येत नाही, पण माल थंड पोहोचतो आणि रस वाटेतच आंबण्याचे टळते.

प्रश्न (मोहोळ) : खरड छाटणी (काढणीनंतर जुन्या काड्या काढण्याची छाटणी) एप्रिलअखेरीस झाली. फूट मागेपुढे निघते आहे आणि ओलांडे (वेलीचे तारेवरचे आडवे जाड फाटे) उन्हात उघडे आहेत.

उत्तर : ओलांड्यावर दिवसातून दोनतीनदा पाण्याची फवारणी करा, बुंध्याभोवती बगॅस (उसाचा चोथा) किंवा छाटलेल्या काड्यांचे आच्छादन टाका आणि शक्य असल्यास वरून शेडनेट बांधा. पुढच्या वर्षी छाटणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. मात्र फुटींना पाचसहा पाने आली की शेडनेट काढून टाका आणि फुटींची विरळणी करा, कारण त्यानंतरच्या काही आठवड्यांत याच काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात आणि सावलीतला डोळा वांझ निघतो.