कॅथलिक घरात वाढलात, मग आता स्वतःला काय म्हणवता? अजून चर्चला जाता का?

फॉर्मवर 'ख्रिश्चन' लिहितो. कोणी त्यापुढे विचारलं की मात्र अडखळतो.

आमचं मूळ श्रीरामपूरकडचं. वडील नोटप्रेसमध्ये लागले आणि आम्ही नाशिकरोडला आलो. रोज साडेसातला घरात जपमाळ. आजी पुढे, आम्ही तिच्यामागे. सुटा मणी 'आमच्या स्वर्गातील पित्या' या प्रार्थनेचा, मग दहा 'नमो मरिया', की पुन्हा सुटा मणी. असे पाच फेरे. मला ओढ त्या सुट्या मण्याची, कारण जेवण किती लांब आहे ते त्यावरून कळायचं! माळ हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेत घेतलेली. एक मणी फुटला होता, तिथे आजीने शर्टाचं बटण ओवलं होतं.

पहिल्या कन्फेशनच्या वेळी मी तिसरीत होतो. सिस्टरांनी पापं वहीत लिहून आणायला सांगितली. माझी दोनच निघाली. शेजारी बसणाऱ्याची सात होती, त्यातली तीन मी उतरवून घेतली. फादरांपुढे घडाघडा वाचली, प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मरिया' मिळाल्या.

चर्च मी भांडून वगैरे सोडलं नाही. नोकरी, शिफ्ट, रविवारची झोप, एवढंच. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला जायचो, पण तिथे तर अख्खं नाशिक जातं. मेणबत्त्या घेऊन नवस फेडायला आलेल्यांत निम्मे शेजारी हिंदू.

चौतिशीत इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला बसलो. धर्मातून आपण मोकळे झालो, अशा घमेंडीतच गेलो होतो. तिथे मोबाइलबरोबर जपमाळ, ताईत असलं सगळं जमा करावं लागतं. आजीची माळ बॅगेच्या कप्प्यात होती, तीही दिली. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे हॉलमध्ये लक्षात आलं, उजव्या हाताचा अंगठा आपोआप बोटावरून सरकतोय. दहा श्वास झाले की थांबतो. सुटा मणी शोधतोय! मोजायचं नाही, असं बजावलेलं होतं. मी मूठ आवळून बसलो. थोड्या वेळाने अंगठा पुन्हा सुरू.

त्या शिबिराने मला शांती दिली का? थोडीफार, दोनेक महिने. पण विश्वास उडाला तरी हाताला लागलेलं वळण जात नाही, हे तिथे कळलं, आणि त्याचा राग आला नाही.

हल्ली आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, मिस्सा म्हणजे सगळ्यांची उपासना नसताना, चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. प्रार्थना करतो की नुसता बसतो, मलाच सांगता येणार नाही. माळ खिशात असते, बटणासकट. कन्फेशनला मात्र कॉलेजपासून गेलेलो नाही. आईला वाटतं, जातो. शिवाय तिसरीतल्या त्या तीन उसन्या पापांचा हिशेब बाकी आहेच.