मुलगी बालशिक्षणात जायचं म्हणते, पाठवू का?

पत्र : हुपरीत आमचा चांदीच्या पैंजणांचा छोटा व्यवसाय आहे. जोडकाम घरातल्या आणि गल्लीतल्या बायका करतात. मुलगी यंदा बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला नर्सिंग नको, फार्मसी नको. लहान मुलांच्या शिक्षणात जायचं म्हणते, त्यातही घर आणि गाव शाळेशी जोडण्याचा काही विषय असतो, तो शिकायचाय म्हणते. घरात सगळे विचारतात, बालवाडीची बाई व्हायला कॉलेज कशाला? पोरीचं मन मोडायचं नाही, पण तिचं नुकसानही व्हायला नको. काय करावं? – एक पालक, हुपरी

उत्तर : नमस्कार. मन मोडायचं नाही हे तुम्ही आधीच ठरवलंय, त्यामुळे मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. हा विषय नेमका काय आहे, आणि त्यावर पोट भरतं का.

तुमच्याच गल्लीतून बघू. आई घुंगरू जोडायला बसली की तिचं चार वर्षांचं लेकरू शेजारी बसतं. बारीक घुंगरू एकीकडे, मोठे एकीकडे करतं, सांडलेले वेचून देतं. त्याला हे कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. अशा घरी अंगणवाडीताई गृहभेटीला येते. एखादी दारातूनच सांगते, "पोराला रोज पाठवत जा, खाडे फार होतात," आणि सही घेऊन पुढच्या घरी जाते. दुसरी खाली टेकते आणि विचारते, "दिवसभर तुमच्याजवळ बसून काय काय करतो हा?" आई सांगत जाते तसं ताईच्या लक्षात येतं, की लहान-मोठं लावणं, जोड्या जुळवणं, मोजणं याची तयारी या पोराची घरीच चाललीय. निघताना ती आईला एवढंच बजावते, की घुंगरू तोंडात गेला तर घशात अडकेल, धाकट्याला जरा लांब बसवा. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत चिंचोके, बांगड्या आणि बाटल्यांची झाकणं मांडून ती तोच खेळ सगळ्या मुलांबरोबर घेते. आई सांगत असलेल्या गोष्टीत शिक्षण ओळखता येणं आपोआप जमत नाही. तुमची मुलगी ते शिकायचं म्हणतेय.

अमेरिकेत शिक्षणाचे अभ्यासक लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्त्यांत केलं. त्यांनी शिक्षकांनाच घरोघरी पाठवलं, तेही तक्रार सांगायला नाही, शिकून यायला. शेती, बांधकाम, दुरुस्ती, घरगुती औषधं असं केवढं तरी ज्ञान त्या घरांत सापडलं. १९९२ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि ते आज जगभर शिकवलं जातं. मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये त्याहून मोठं चित्र मांडलं होतं. मूल जिथं कधी पाऊलही टाकत नाही, त्या जागासुद्धा त्याला घडवतात. इचलकरंजीचंच घ्या. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी झोपतो आणि पालकसभा ठेवलेली असते अकरा वाजता. तो येत नाही, म्हणून 'पालकांना काही पडलेलं नाही' असा शेरा बसतो. मला हा शेरा फार लागतो. सभेची वेळ बदलून बघायला हवी होती. शाळा आणि कुटुंब यांच्या नात्याच्या अभ्यासक जॉइस एप्स्टाइन यांनी पालक-शाळा नात्याचे जे सहा प्रकार सांगितले, त्यात सभा आणि निरोप हा फक्त एक आहे. घरी मुलाबरोबर काय करायचं, शाळेचे निर्णय कोण घेणार, गावातल्या संस्था कशा जोडायच्या, हे सगळं उरतंच.

एवढ्यानं मुलात फरक पडतो का, असं तुम्ही विचाराल. जमैकातलं उदाहरण सांगते. १९८६-८७ मध्ये तिथल्या वाढ खुंटलेल्या १२९ बाळांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी दोन वर्षं, आठवड्यातून एकदा तासभर, स्थानिक आरोग्य कार्यकर्त्या जायच्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं, तर या भेटी मिळालेल्या मुलांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भरली.

आता 'बालवाडीची बाई'. ताराबाई मोडक पदवीधर होत्या, राजकोटच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. ते सोडून त्या लहान मुलांत आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली. गरीब वस्तीतली मुलं तिथं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. घरच्यांना हे जरूर सांगा. आपल्या कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करताना मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना रुपया दंड ठेवला, आणि दुसरीकडे समाजासमाजाला उभं करून वसतिगृहं काढायला लावली. समाज सोबत घेतल्याशिवाय शिक्षण पोचत नाही, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वीच करून दाखवलेलं आहे.

पोटापाण्याचं मात्र कडू आहे तेही सांगते. अंगणवाडीसेविकेला वेतन नाही, मानधन मिळतं. खासगी नर्सरीत पदरात पडतं ते बहुतेक ठिकाणी त्याहून बरं नसतं. तीन-सहा महिन्यांचा कुठला तरी 'मॉन्टेसरी कोर्स' करून मुलगी तिथंच अडकली, तर तुमची भीती खरी ठरेल. म्हणून पदवीशिवाय थांबायचं नाही. पदवीनंतर मुख्यसेविकेची, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पदाची, परीक्षा देता येते, एमपीएससीतून बालविकास प्रकल्प अधिकारी होता येतं. शिवाय स्वयंसेवी संस्थांत प्रशिक्षक, साहित्य तयार करणारे आणि वस्तीपातळीवर काम उभं करणारे लोक लागतात. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठीच्या 'पहिले पाऊल' मेळाव्यात माता-पालकांचे गट आणि लीडर माता असतात, ते तुम्ही गावात पाहिलं असेल. असे गट बांधणं आणि टिकवणं हे शिकून करायचं काम आहे. नव्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा वयोगट एकच पायाभूत टप्पा धरलाय, त्यामुळे या कामाला मागणी राहील असं माझं मत आहे.

शिक्षणाचा रस्ता असा धरा. शिवाजी विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन पदवी. घराबाहेर पाठवायची तयारी असेल, तर एसएनडीटी विद्यापीठाकडे गृहविज्ञान शाखेत मानवविकास. पदवी चालू असताना जोडीला इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षण पदविका करता येते, तिला बारावी पुरते. पुढे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी कोल्हापुरातच सायबर नावाच्या संस्थेत होते. बालशिक्षणातच एम. ए. करायचं असेल, तर दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ आहे. खासगी पदविका कुणी गळ्यात मारायला लागलं, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे का आणि गृहभेटींचं प्रात्यक्षिक किती, एवढं विचारा. उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

त्याआधी एक करा. गावातल्या अंगणवाडीताईंना विचारून मुलीला काही आठवडे त्यांच्याबरोबर पाठवा, गृहभेटींनाही. सासू बोलू देत नाही, बाप टीव्ही बंद करत नाही, कारखान्यावरच्या ऊसतोड कोप्यांतलं मूल ओळख होईतो हंगाम संपून निघून जातं, हे सगळं तिनं बघू दे. मुलं कुणालाही आवडतात. परक्याच्या घरी बसून, शिकवायची घाई न करता ऐकता येतं का, हे तिचं तिला कळायला हवं. चिडून परत आली तरी हरकत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं का ते विचारा. वाटत असेल तर पदवीचा प्रवेश पक्का करा, आणि इग्नूच्या जुलै सत्राचा अर्ज भरण्याआधी माध्यम व जवळचं अभ्यासकेंद्र विचारून घ्या.