पाच हातांचं स्केच बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

सोसायटीच्या भिंतीवर वंशभेदाबद्दल जे चित्र तू रंगवणार आहेस, त्याचं स्केच पाहिलं. पृथ्वीभोवती पाच रंगांचे पाच हात आणि खाली ‘विविधतेत एकता’. हात चांगले जमलेत. पण मागच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या नागा आणि मणिपुरी मुलींना ते दाखवलंस, तर त्या ‘छान आहे’ म्हणाल्या आणि निघून गेल्या. काय चुकलं ते कळत नाही, असं तू लिहितोस. चित्र आधीच पूर्ण होतं, हे चुकलं. त्यांनी बोलावं अशी जागाच त्यात उरली नव्हती.

वंशभेदावरचं बोलणं चित्र झाल्यावर होत नाही, ते चित्र होत असताना होतं. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. मला ते फार उशिरा उमगलं आणि त्याची खंत आजही आहे. तयार भिंतीसमोर लोक फोटो काढतात आणि आपल्या वाटेने जातात. लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार ज्युडिथ बाका यांनी १९७६ साली पूरनियंत्रणाच्या कालव्याच्या भिंतीवर शहरातल्या वगळलेल्या लोकांचा इतिहास रंगवायला घेतला. अर्ध्या मैलाची ती भिंत पुरी व्हायला अनेक उन्हाळे लागले आणि चारशेहून जास्त तरुण तिच्यावर राबले. वेगवेगळ्या वस्त्यांतली, एरवी एकमेकांकडे बघायलाही तयार नसलेली मुलं एका पथकात काम करत होती. खरं काम तिथे झालं. भिंत त्यातून उरली.

म्हणून ब्रशची खरेदी थांबव. आधी तीन रविवार, दीड-दीड तासाची बैठक ठेव. दहा ते बारा माणसं, त्याहून जास्त नकोत. निम्मी तुमच्या गल्लीतली, निम्मी बाहेरून आलेली. दोनच मुलींना दहा स्थानिकांमध्ये बसवलंस तर त्यांची उलटतपासणी होईल आणि त्या दुसऱ्या रविवारी येणार नाहीत.

पहिल्या बैठकीत प्रश्न विचारूच नकोस. प्रत्येकाला एक कागदी प्लेट दे आणि चार ॲक्रिलिक रंग दे: पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन निळा. काम एवढंच, की आपल्या हाताच्या कातडीचा रंग बनवायचा आणि मनगटावर ठिपका देऊन ताडून बघायचा. ठिपका दिसेनासा झाला की जमलं. काळा रंग मुद्दाम आणायचा नाही. गडद कातडीसाठी काळा मिसळला की रंग राखेसारखा, निर्जीव होतो. सिएनात निळा थेंबाथेंबाने घातला तर गडद होऊनही त्याची ऊब टिकते. गोऱ्या समजल्या जाणाऱ्या माणसाला नुसता पांढरा पुरत नाही, ऑकर लागतोच. याला चाळीस मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, ‘लहानपणी खडूच्या डबीतल्या गुलाबी रंगाला आम्ही स्किन कलर म्हणायचो.’ मग निमगोरा, सावळा, गहूवर्णी, लग्नाच्या जाहिराती, सगळं आपोआप बाहेर येतं. फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ २०२० साली गेला, पण तो शब्द घरातून गेला का, हे लोकच एकमेकांना विचारतात. तू गप्प बस. खरंच गप्प बस.

दुसऱ्या बैठकीत प्रश्न विचार, पण नेमके. ‘तुम्हाला कधी भेदभाव जाणवला का?’ याला ‘नाही, पुणं चांगलं आहे’ एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचार: खोली बघायला फोन केलात तेव्हा पहिला प्रश्न कोणता आला? कोणता पदार्थ रांधताना खिडकी लावून घेता? दिल्ली पोलिसांनी २००७ साली ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची पुस्तिका काढली, तिच्यात अखुनी (आंबवलेलं, उग्र वासाचं सोयाबीन) आणि बांबूचे कोंब शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका असं सांगितलं होतं. हे वाचून दाखव. मग एखाद्या कोकणातल्या माणसाला विचार, की सुकट भाजल्यावर सोसायटीत काय ऐकावं लागतं. आडनाव विचारून खोली नाकारल्याची गोष्टही निघेल, आणि बोलणं जातीवर येईल. विषय भरकटला म्हणून थांबवू नकोस. आपल्याकडे सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी हाच विषय वस्तीच्या मधोमध, गाण्याबजावण्यातून काढला होता. तो आपल्या भिंतीला परका नाही.

तिसरी बैठक भिंतीवर काय यावं ते ठरवायची. ईशान्येकडच्या लोकांना हिणवायला वापरतात तो ‘चिंकी’ हा शब्द भिंतीवर लिहू का, असं तू विचारलंस. माझं मत नको म्हणतं. जाणाऱ्याला फक्त तो शब्द दिसतो, आणि ज्यांना तो लागतो त्यांना रोज त्याच्यासमोरून जावं लागतं. नीडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याची केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत त्याचा जीव गेला. हा शब्द हलका नाही. बैठकीत तो उच्चारला जाऊ दे. भिंतीचा निर्णय मात्र त्या मुलींचा, तुझाही नाही आणि माझाही नाही. त्यांना आपल्या भाषेत काही लिहायचं असेल तर अक्षरं त्याच काढतील. चेहरा आणि नाव लेखी संमतीशिवाय नको, आणि रेखाटन पक्कं होईपर्यंत संमती मागे घेता आली पाहिजे.

आता भिंत. तीस फूट बाय आठ, म्हणजे २४० चौरस फूट. सोसायटीचा लेखी ठराव घे. तोंडी परवानगीवर काम केलंस तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण कायद्याने अडचणीत येशील. खालच्या दोन फुटांत हात फिरव. पांढरी पूड हाताला लागली तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेला क्षार आहे. त्यावर रंग दिलास तर पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतील. आधी ओल कुठून येते ते शोध, तारेच्या ब्रशने खरवड, धू, आठवडाभर वाळू दे. मग एक्सटिरियर प्रायमर आणि दोन हात पांढरा इमल्शन, साधारण सहा लिटर, भिंत खडबडीत असेल तर जास्त. पांढऱ्यात मिसळायचा रंगद्रव, म्हणजे स्टेनर, लिटरमागे तीस-चाळीस मिलीच्या वर घालू नकोस, नाहीतर रंग नीट वाळत नाही. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत बरे.

सुताला निळ लावून एक-एक फुटाचे चौकोन मार. २४० चौकोन होतात. त्यातल्या १८० मध्येच रेखाटन कर आणि रंगांचे आकडे टाक. साठ कोरे ठेव. हे कोरे चौकोन पाहून सोसायटीचे सेक्रेटरी घाबरतील, तू घाबरू नकोस. एका चौकोनावर दोन माणसं, एक गल्लीतलं आणि एक बाहेरचं, आणि दोघांत रंगाची वाटी एकच. वाटी मागायची तर बोलावंच लागतं. बोलणं चित्र होताना होतं म्हणतात ते असं.

नगरसेवकाची उद्घाटनाची तारीख पत्रिकेत छापू देऊ नकोस. तारीख ठरली की शेवटचे साठ चौकोन कुणीतरी चांगला पेंटर एका रात्रीत भरून टाकतो. तारखेसाठी भिंत पुरी करून द्यायला मी नकार देते. लोक मला हेकट म्हणतात, खुशाल म्हणोत. तीन रविवार नुसते बोलण्यात ‘फुकट’ गेले असं ज्यांना वाटतं, त्यांनी रंगाचं दुकान काढावं. तेही चांगलं काम आहे. वैतागून लिहिलं, पण तुझ्यावर नाही. तुझ्या वयात मला हे कुणी सांगितलं असतं तर काही भिंती आज वेगळ्या असत्या.

पुढे कुणी भिंतीवर काही खरडलं तर फोटो काढ आणि गटाला बोलव. धमकी असेल तर लगेच झाक. बाकी गोष्टींत पुसायचं कधी, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. प्रत्येक रंग पाव लिटर बाजूला काढून डब्यावर आकडा लिहून ठेव.

या रविवारी बारा कागदी प्लेटा आण आणि चार रंग. पाच हातांचं स्केच घरी ठेव. त्या मुलींना निरोप तू स्वतः जाऊन दे, फोनवर नको.

तुझी ताई