जेट-स्कीच्या बुडाला गाडीची पुट्टी आणि ड्युको चालेल का?

तुम्ही विचारलंय की जुनी जेट-स्की घेतली आहे, गंगापूर धरणाच्या काठच्या मुरमावर घासून बुडाला ओरखडे पडलेत, दोन-तीन ठिकाणी आतलं फायबर दिसतंय आणि गाड्या रंगवणारा म्हणतो, ‘पुट्टी भरून ड्युको मारून देतो.’ द्यावी का त्याला?

नका देऊ. नाशिकच्या अंबडला माझी फायबरच्या कामाची छोटी शेड आहे. पहिलं बूड मी असंच केलं होतं. दिसायला सुरेख झालं, पण एकाच हंगामात रुपयाएवढे फोड आले. टाचणी लावली की आतून पाणी यायचं. गाडीच्या पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी शोषते. गाडी पावसात भिजते आणि वाळते. जेट-स्कीचं बूड मात्र पाण्याबाहेर आल्यावरही ट्रेलरच्या ओल्या कार्पेटवर टेकलेलंच असतं. मालकाला ते काम मी पुन्हा, फुकट करून दिलं.

आधी बूड कशाचं आहे ते बघा. सी-डू कंपनीच्या स्पार्क मॉडेलचं असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचं, त्यावर रंग धरत नाही, त्या फंदात पडू नका. बाकी बहुतेक बुडं फायबरची. कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवा: कोरडी पूड निघाली तर फायबर, तंतू उठले तर प्लास्टिक.

मग वाळवणं. सगळी घाई इथेच होते आणि सगळी कामं इथेच बिघडतात. ड्रेन प्लग काढा, इंजिनाची बाजू उघडी ठेवा, फॅन लावा. उघड्या फायबरवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर फायबर अजून ओलं आहे. आठवडा लागला तरी थांबा.

घासण्याआधी मेण काढायचं, घासल्यावर नाही. जुन्या पॉलिशचं मेण तसंच ठेवून पेपर मारला की ते ओरखड्यांत दाबलं जातं आणि रंग तिथून सुटतो. वॅक्स-ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावा, सुकायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने पुसा, फडकी बदलत राहा. शेवटी पाणी ओता. पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर बरं, थेंब गोळा झाले तर पुन्हा पुसा. मागच्या राइड प्लेटभोवती (पंपाखालची सपाट पट्टी) कुणी सिलिकॉन लावलं असेल तर ते पूर्ण खरवडा, नाहीतर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

खोल चीर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने व्हीच्या आकारात उघडा. तंतू तुटले असतील तर आधी इपॉक्सीत (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) भिजवलेलं ग्लास कापड बसवा, मग इपॉक्सी फिलर. वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो, तो साध्या पाण्याने घासून धुवा आणि मगच पेपर मारा. त्यावर जेलकोट (फायबरवरचा वरचा चकचकीत थर) लावू नका, तो पॉलिएस्टरचा असतो आणि पॉलिएस्टर इपॉक्सीवर नीट सुकत नाही, चिकट राहतं. २२० ने घासून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ३२० ते ४०० ने गुळगुळीत, वर दोन भागांचा (रंग आणि हार्डनर) पॉलियुरेथेन रंग. हार्डनर अंदाजाने ओतू नका, डब्यावरचं प्रमाण मोजून घ्या.

आता नाशिकची हवा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा साधं इपॉक्सी जवळपास थांबतंच, आणि दव पडलं की ताज्या रंगाची चकाकी मरते. थंडीत सकाळी दहाला सुरू करून तीनच्या आत स्प्रे गन खाली ठेवा. मे महिन्याच्या दुपारी रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा दिसतो. पावसाळ्यात हे काम मी घेतच नाही. फेब्रुवारी सगळ्यात चांगला.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. या पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, एकदा फुफ्फुसांनी त्याचा धसका घेतला की दमा कायमचा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून गन मारणारी पोरं बघितली की जीव तुटतो. धुळीचा मास्क उपयोगाचा नाही. गन मारताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा रेस्पिरेटर, हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा हवीच. नसेल तर प्रायमरपर्यंत स्वतः करा आणि वरचा रंग नीट बूथ असलेल्याकडून मारून घ्या.

जस्ताचा अॅनोड (गंज स्वतःवर घेणारा तुकडा), पंप आणि बुडावरचा ओळख नंबर रंगवू नका. शेवाळरोधक रंगही नको, तुमची गाडी ट्रेलरवरच राहणार. रंगानंतर निदान सात दिवस पाणी लावू नका, ट्रेलरचं कार्पेट वाळवूनच बूड त्यावर ठेवा. घासलेली पूड आणि थिनर धरणाकाठी धुऊ नका, शहर तेच पाणी पितं.

काठावर इंजिन चालू करू नका. कमरेइतक्या पाण्यात ढकलत न्या, मग स्टार्टर दाबा, नाहीतर पंप खडे ओढतो. मॉडेल आणि उघड्या फायबरचे फोटो सावलीत काढून इथे टाका, कापड लागेल की नुसतं फिलर पुरेल ते बघून सांगतो.